झाडाखालचा स्विमिंग पूल: पानं पाण्यात पडली की नेमकं काय होतं

एक पांढरी बादली घ्या, पूलचंच पाणी भरा, झाडाखालचा मूठभर वाळका पाचोळा त्यात टाका आणि दोन दिवस तिकडे बघू नका. तिसऱ्या दिवशी पाणी कोऱ्या चहासारखं झालेलं असतं, पानाला बोट लावलं तर बुळबुळीत लागतं आणि टेस्ट स्ट्रिप बुडवली तर क्लोरीनच्या रकान्याला रंगच येत नाही, म्हणजे होतं नव्हतं ते सगळं संपलं. झाडांनी वेढलेल्या पूलमध्ये रोज हेच चालू असतं, फक्त ही बादली ४०-५० हजार लिटरची असते म्हणून पटकन लक्षात येत नाही.

मी पहिलं वर्षभर पानं म्हणजे दिसायला घाण एवढंच धरून चाललो होतो. कोणी यायचं असलं की जाळी फिरवायची, नाहीतर राहू दे, बुडाली तर बुडाली, तळाशी कुठे कोणाला दिसतायत. आणि पाणी सारखं हिरवट पडायचं त्याचा राग मात्र क्लोरीनच्या डब्यावर. दोनतीन प्रकारचे डबे बदलून झाले, फरक शून्य. डब्याचा काही दोष नव्हता, पान पाण्यात किती वेळ भिजत पडतं त्यावर सगळा खेळ होता आणि तिकडे माझं लक्षच नव्हतं.

क्लोरीनला पूलमध्ये दोन कामं असतात, जंतू आणि शेवाळ मारायचं आणि पाण्यात विरघळलेली सेंद्रिय घाण जाळायची. आधी कुठलं काम करायचं हे काही त्याला कळत नाही, समोर येईल त्याच्याशी ते भिडतं आणि त्यात स्वतः संपतं. भिजलेल्या पानातून टॅनिन सुटतं (तोच तपकिरी रंग), साखरेसारखे पदार्थ सुटतात, नायट्रोजन आणि फॉस्फेट सुटतं. यातलं बरंचसं क्लोरीन खातं, उरलेलं शेवाळाचं खत. म्हणजे एकाच पानाने पहारेकरीही दमवला आणि चोराला जेवूही घातलं. म्हणून झाडं नसलेल्या पूलला जो डोस पुरतो तो तुमच्याकडे पुरत नाही, आणि डोस वाढवण्यापेक्षा पान बुडायच्या आत उचलणं फार स्वस्तात पडतं.

पान पडल्या पडल्या बुडत नाही हे आपलं नशीब. वाळकं पान काही तास, कधी कधी दिवसभर वर तरंगतं, मग हळूहळू पाणी पितं आणि तळाला जातं. ही जी तरंगायची वेळ आहे ना, तीच आपल्या हातात असते, आणि त्यासाठीच पूलच्या भिंतीत स्किमर नावाची ती चौकोनी खिडकी दिलेली असते. पंप चालू असला की स्किमर वरच्या थरातलं पाणी आत ओढतो, त्याबरोबर पान जातं आणि आतल्या बास्केटमध्ये अडकतं. इतकं साधं आहे, पण चार ठिकाणी घोळ होतो.

पहिला घोळ पाण्याच्या पातळीचा. पाणी स्किमरच्या तोंडाच्या साधारण मध्यावर पाहिजे. पाऊस पडून वर चढलं की पृष्ठभागावरची ओढ मंदावते आणि पानं खिडकीसमोरून डौलात निघून जातात, खाली गेलं तर स्किमर हवा ओढायला लागतो आणि पंप गरम होतो. दुसरा, त्या खिडकीतली हलणारी फळी. पंप बंद झाला की ती उभी राहून तोंड बंद करते, म्हणजे आत आलेली पानं आतच राहतात. ती अडकली किंवा तुटली असेल तर रात्री पंप बंद पडल्यावर दिवसभराची कमाई परत पूलमध्ये तरंगत येते. माझी फळी कित्येक महिने एका काटकीने अडकलेली होती आणि मी रोज सकाळी वारा कसा काय एवढा आला म्हणून झाडांकडे बघत बसायचो.

तिसरा घोळ पंपाच्या वेळेचा. बरेच जण पंप सलग रात्री चालवतात आणि पानं पडतात दुपारच्या वाऱ्यात. तोपर्यंत पंप झोपलेला, पानं भिजून खाली. एकूण तास तेवढेच ठेवा पण वाटून घ्या, थोडे सकाळी आणि थोडे ज्या वेळी तुमच्याकडे वारा सुटतो तेव्हा. तास किती लागतात त्याचाही साधा हिशोब आहे: पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल असेल तर ४८ घनमीटर, म्हणजे ४८ हजार लिटर. पंप तासाला ८ घनमीटर ओढत असेल तर ६ तासांत पूलभर पाणी एकदा फिल्टरमधून जातं. दिवसातून एकदा तरी एवढं व्हावं, पानगळीत जास्त. पाणी परत येतं त्या नोझल्सची तोंडंही सगळी एकाच दिशेला वळवून बघा, पृष्ठभाग गोल फिरायला लागतो आणि कोपऱ्यात साचलेली पानं आपोआप स्किमरपाशी येतात.

चौथा घोळ सगळ्यात मोठा, तो बास्केटचा. बास्केटमध्ये अडकलेलं पान म्हणजे पूलबाहेर गेलेलं पान असं आपल्याला वाटतं. तसं नाहीये. स्किमरमधून ओढलं जाणारं पाणी त्या पानांच्या ढिगातून गाळून जातं, तासन् तास, म्हणजे आपण चहापत्ती गाळणीत ठेवून वरून सतत पाणी ओततोय. ती रोज उघडायची, पानगळीत दोनदा. पंपाच्या तोंडाशी अजून एक बास्केट असते ती लोक विसरतात, तीही उघडायची, पण पंप बंद करून.

आता पानाच्या आकाराबद्दल, कारण सगळी झाडं सारखी नसतात. मोठं जाड पान बरं, जाळीत येतं, बास्केटमध्ये राहतं. खरा वैताग बारीक पानांचा. गुलमोहराची ती तांदळाएवढी पानं, बाभळीची पानं, सुरूच्या सुया, बांबूची लांबट पाती, हे सगळं बास्केटच्या भोकांतून सरळ आत घुसतं आणि पंपात नाहीतर फिल्टरमध्ये जाऊन बसतं. त्याला उपाय अगदी घरगुती आहे, बास्केटवर जुना नायलॉनचा पातळ मोजा चढवायचा. तयार मिळतात तेही असेच असतात. बारीक पानं, किडे, परागाचा बराचसा भाग त्यात अडकतो. फक्त तो रोज काढून धुवावा लागतो, नाहीतर लगदा होऊन पाणीच अडतं.

परागाचं वेगळं सांगतो कारण त्यावरून भरपूर गोंधळ होतो. मोहोराच्या दिवसांत पाण्यावर पिवळी भुकटी दिसते आणि लोक शेवाळ समजून धडाधड केमिकल टाकतात. परागकण साधारण १० ते १०० मायक्रॉनचा असतो. वाळूचा फिल्टर २० ते ४० मायक्रॉनपर्यंतचं धरतो, कार्ट्रिजचा १० ते २०, डायटम नावाच्या बारीक पावडरीचा ३ ते ५. म्हणजे वाळूच्या फिल्टरमधून बारीक पराग निसटून परत येतो, त्यात फिल्टर बिघडलाय असं काही नाही. ओळखायचं कसं? पराग पाण्यावर तरंगतो, कडेला पिवळी रेघ काढतो, हात फिरवला की बाजूला होतो. पिवळं शेवाळ मात्र भिंतीवर बसतं, बहुतेक सावलीच्या बाजूला, ब्रश मारला की धुरळा उडतो आणि दोन दिवसांनी बरोब्बर त्याच जागी परत उगवतं. पहिल्याला बास्केटवरचा तो नायलॉनचा मोजा आणि जाळी, दुसऱ्याला ब्रश आणि क्लोरीन.

तरीही काही पानं बुडणारच. बुडलेला पाचोळा व्हॅक्युमच्या पाइपने फिल्टरकडे ओढू नका, लाइन चोंदली की ती मोकळी करायला रविवार जातो, आमचा गेलाय. आधी खोल पिशवीवाली जाळी घ्यायची, ती ताटासारखी सपाट नाही, पोतं असतं तशी, आणि तळावरून सावकाश ओढायची. घाई केली की पानं उडून सगळीकडे पसरतात आणि कुजलेल्यांचा चुरा होतो. जास्तच असतील तर बागेच्या पाइपला जोडायचा लीफ व्हॅक्युम मिळतो, तो पाण्याच्या झोताने पानं वर उचलून पिशवीत टाकतो, फिल्टरचा काही संबंधच येत नाही. खाली उरलेला बारीक गाळ मग नेहमीच्या व्हॅक्युमने काढा आणि व्हॉल्व्ह वेस्टवर ठेवा म्हणजे ते पाणी बाहेरच जाईल. तळ आपोआप साफ करणारा रोबो असेल तर उत्तमच, पण पाचोळ्याच्या दिवसांत त्याची पिशवी अर्ध्या तासात भरते आणि नंतर तो नुसता फिरत राहतो.

फिल्टरच्या मीटरकडेही बघायची सवय लावा. धुतल्या धुतल्या किती प्रेशर दाखवतं ते लिहून ठेवा, त्यापेक्षा ८ ते १० पीएसआय वर गेलं की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून फिल्टर धुणं. उगाच रोज करू नका, वाळू थोडी मळलेली असली तर उलट बारीक कण जास्त पकडते.

आता केमिकल्स. इथे लोक घाबरतात पण हिशोब एकच कळला की झालं. १ पीपीएम म्हणजे १००० लिटरला १ ग्रॅम. वरच्या ४८ हजार लिटरच्या पूलमध्ये क्लोरीन १ पीपीएमने वाढवायला ४८ ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं, तुमची पावडर ६५ टक्क्यांची असेल तर साधारण ७४ ग्रॅम. मूठभर, वाटीभर अशी मापं सोडा आणि एक छोटा वजनकाटा फक्त यासाठीच ठेवा. फ्री क्लोरीन, म्हणजे अजून वापरलं न गेलेलं क्लोरीन, कधीही १ च्या खाली जाऊ द्यायचं नाही, स्टॅबिलायझर (उन्हापासून क्लोरीन वाचवणारं रसायन) वापरत असाल तर किमान २.

पीएच ७.२ ते ७.६ मध्ये ठेवायचा आणि ते डोळ्यांसाठी वगैरे आहेच पण खरं कारण वेगळं. पाण्यात क्लोरीन दोन रूपांत असतं, एक हायपोक्लोरस अॅसिड, ते तेज आणि भराभर मारणारं, दुसरं हायपोक्लोराइट, ते आळशी. साध्या पाण्यात पीएच ७.५ ला दोघं जवळपास निम्मे निम्मे असतात, ८ ला तेजवालं जेमतेम पाव उरतं. म्हणजे टेस्ट किट क्लोरीन आहे म्हणतंय आणि शेवाळ मजेत वाढतंय, असं होऊ शकतं.

तेज वास येतोय म्हणजे क्लोरीन जास्त झालं, हाही असाच एक गैरसमज. तो वास क्लोरामाइनचा, म्हणजे घाम, लघवी आणि तशाच नायट्रोजनवाल्या घाणीशी झटापट होऊन अर्धवट वापरल्या गेलेल्या क्लोरीनचा. बहुतेक वेळा वास आला म्हणजे क्लोरीन कमी पडतंय.

सावलीचा एक फायदा मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवा. उघड्या पाण्यात स्टॅबिलायझर नसेल तर भर उन्हात दोनेक तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातं. झाडांची सावली असली की ते टिकतं, पाण्याची वाफही कमी होते. म्हणजे झाड एका हाताने क्लोरीन वाचवतं आणि दुसऱ्या हाताने खातं. त्यामुळे स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक अॅसिड, सावलीतल्या पूलला कमी पुरतं, ३० पीपीएमच्या आसपास भरपूर झालं.

आणि नेमकं इथेच टॅब्लेटवाले फसतात, मीही फसलो. त्या पांढऱ्या गोल ट्रायक्लोर टॅब्लेट सोयीच्या असतात, तरंगत्या डब्यात टाकल्या की आठवडाभर बघायला नको, पण त्यांच्यात क्लोरीनबरोबर स्टॅबिलायझरही असतो. दर १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम. क्लोरीन वापरलं जातं आणि संपतं, स्टॅबिलायझर मात्र तिथेच राहतो, ऊन लागून उडत नाही, फिल्टरमध्येही अडकत नाही. झाडांमुळे तुमचा खप रोज २ पीपीएम असेल तर महिन्याला ३६ आणि तीन महिन्यांत १०० च्या वर. आणि स्टॅबिलायझर जितका जास्त तितकं क्लोरीन बांधलेलं राहतं. ढोबळ नियम असा की फ्री क्लोरीन स्टॅबिलायझरच्या किमान साडेसात टक्के हवं, म्हणजे ३० ला २ च्या थोडं वर चालतं, १०० ला साडेसात लागतं. मग आपण म्हणतो ३ दाखवतंय तरी हिरवं कसं. उपाय एकच, थोडं पाणी काढून ताजं भरणं. मी निम्मा पूल रिकामा केला तेव्हा कुठे ताळ्यावर आलं. आता मी रोजच्याला लिक्विड क्लोरीन वापरतो, टॅब्लेट फक्त गावाला जाताना.

पाण्यात लपलेली घाण आहे की नाही हे कळायची एक फार छान टेस्ट आहे आणि तिला खर्च काहीच नाही. सूर्य मावळल्यावर फ्री क्लोरीन मोजा, लिहून ठेवा, काही टाकू नका, सकाळी ऊन पडायच्या आत परत मोजा. रात्री ऊन नाही, पोहणारं कोणी नाही, म्हणजे जे काही कमी झालं ते पाण्यातल्या घाणीनेच खाल्लं. १ पीपीएमच्या आत घट असेल तर ठीक. ३ चं १ झालं असेल तर तळाशी, दिव्याच्या मागे, शिडीखाली किंवा बास्केटमध्ये कुठेतरी पाला कुजतोय नाहीतर शेवाळ धरतंय, पाणी कितीही निळं दिसू दे.

फॉस्फेट रिमूव्हरच्या बाटलीबद्दल नेहमी विचारतात. पानांतून फॉस्फेट येतं हे खरं, आणि ती बाटली (आत लँथॅनमचं संयुग असतं) ते बांधून फिल्टरकडे पाठवते हेही खरं. पण क्लोरीन जागेवर असेल तर फॉस्फेट असूनही शेवाळ वाढत नाही, आणि क्लोरीन जागेवर नसेल तर बाटलीने फार काही वाचत नाही. माझ्या मते ती सगळ्यात शेवटची खरेदी. तेवढ्या पैशात चांगली खोल जाळी घ्या.

तळावर कधी पानाच्या आकाराचा तपकिरी ठसा राहतो, शिरांसकट, शिक्का मारल्यासारखा. तो टॅनिनचा आहे की लोखंडाचा ते बघायला जवळचं क्लोरीन वाढवून बघा, फिका पडला तर पानाचा. नाही पडला तर व्हिटॅमिन सी ची गोळी त्यावर थोडा वेळ दाबून धरा, तिने गेला तर लोखंडाचा, म्हणजे एखादी पिन किंवा खिळा तिथे गंजला असणार.

झाडांचं काय करायचं? सगळी तोडा असं सांगणारे भेटतात, मला ते पटत नाही. पाण्यावर थेट लोंबणाऱ्या फांद्या तेवढ्या मागे घ्या. पक्षी तिथेच बसतात आणि विष्ठा पाण्यात, चिकट रसाचे थेंब तिथूनच, आणि पावसात सगळ्या झाडाची धूळ धुऊन तिथूनच टपकते. एकदम सगळी पानं गाळणारं झाड वाईट वाटतं पण सांभाळायला ते सोपं, दोनतीन आठवडे जाळी टाकली की सुटलो, बारमाही थोडं थोडं गाळणारं झाड कधीच सुट्टी देत नाही. नवीन लावत असाल तर वड, पिंपळ, उंबर या कुळातलं काही पूलजवळ नको, त्यांची मुळं ओल शोधत लांबवर जातात आणि पाइपच्या गळक्या सांध्याशी ओल सापडली की आत शिरतात.

पानगळीत पूलवर टाकायची जाळी ताणून बसवा. मधे झोळ पडून ती पाण्याला टेकली की पानं तिथेच भिजत पडतात, म्हणजे परत तीच बादली. वाळलेली असतानाच झटकून घ्या. आणि बंद ताडपत्रीसारखं कव्हर असेल तर त्यावर साचलेलं पावसाचं पाणी लगेच काढा, लहान मुलाला बुडायला तेवढं पाणी पुरतं. हे गंमत म्हणून लिहीत नाहीये.

एवढं करूनही कधीतरी बाहेरगावाहून यावं आणि पूल हिरवागार. तेव्हा पहिला हात डब्याकडे जातो, तो आवरा. मी एकदा तळाशी पाल्याचा थर असताना वरून शॉक, म्हणजे क्लोरीनचा एकदम मोठा डोस, ओतला, रात्रीतून सगळं क्लोरीन त्या पाल्याने खाल्लं, दुसऱ्या रात्री परत ओतलं, परत तेच. आधी आंधळेपणाने का होईना पण जाळी ओढून तळाचा पाला काढा. मग पीएच ७.२ पर्यंत आणा. मग संध्याकाळी ऊन गेल्यावर क्लोरीन चढवा, स्टॅबिलायझरच्या ४० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३० असेल तर १२ पीपीएम, आणि तिथेच टिकवून धरा, खाली आलं की परत वर. पावडर आधी बादलीभर पाण्यात टाकायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. दोन वेगळ्या प्रकारचं क्लोरीन एका भांड्यात कधीच मिसळायचं नाही, ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आलं तर पेटतं, आणि अॅसिड क्लोरीनजवळ आणलं तर विषारी वायू होतो. भिंती रोज ब्रश करा, पंप चोवीस तास, फिल्टर लागेल तसा धुवा, आणि क्लोरीन खाली येईपर्यंत पाण्यात कोणी उतरायचं नाही.

पाणी हिरव्याचं राखाडी होतं, मग दुधाळ, मग हळूहळू उघडतं. मी खोल बाजूला एक नाणं टाकून ठेवतो. ते छापा की काटा हे वरून वाचता आलं आणि रात्रीची टेस्ट १ च्या आत आली की पंप नेहमीच्या वेळेवर आणायचा, आणि त्या दिवशी स्किमरच्या बास्केटमध्ये हात घालायच्या आधी एकदा वाकून बघायचं, कारण एवढ्या दिवसांत तिथे एखादा बेडूक हमखास मुक्कामाला आलेला असतो.